कुठं पडला चेंडू?

ज्या बाईंनी मला शाळेच्या हॉकी संघातून काढलं, त्यांनीच मला गोल्फच्या मैदानावर नेलं. म्हणून सुरुवात त्यांच्यापासूनच करते.

आमची शाळा खासबागेजवळ. मराठी माध्यमाची, मैदान लहान, तिन्ही बाजूंना घरं. बेळगावात हॉकीचं वेड जुनं. मुलींचा संघ आमच्या पी.टी.च्या बाईंनी उभा केला होता. त्या स्वतः कॉलेजात असताना हॉकी खेळलेल्या. उंच, काळ्यासावळ्या, आणि आवाज असा की त्यांना शिट्टी लागायचीच नाही. मी तेव्हा आठवीत होते. पळायला बरी, अंगानं दणकट, पण मला एक खोड होती. स्टिक लागली की माझा चेंडू जमिनीवरून सरपटत जायचा सोडून हवेत उडायचा. हॉकीत तसा उंच चेंडू म्हणजे फाउल, समोरच्याच्या तोंडावर बसला तर दातच जायचे. बाईंनी मला खाली वाकायला लावलं, पकड बदलून बघितली, दुसरी स्टिक दिली. चेंडू उडायचा तो उडायचाच. एका दुपारी तो भिंतीवरून पलीकडं गेला आणि विणकरांच्या अंगणात वाळत घातलेल्या सुतात जाऊन पडला. त्या घरातले आजोबा चेंडू हातात घेऊन फाटकाशी आले.

"बाई, कुणी मारला हा?"

बाईंनी माझ्याकडं बोट केलं. मी मान खाली घातली.

"एवढीशी पोरगी?" म्हणाले, आणि चेंडू देऊन निघून गेले.

बाई बराच वेळ त्या भिंतीकडं बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "हॉकीत तुझा उपयोग न्हाय गं."

मला रडूच फुटलं.

"रडतीस कशाला? पुढचं ऐकून घे की. चेंडू वर उडावा म्हणून लोक जिथं जीव टाकतात, असा एक खेळ हाय. तो मला येत न्हाय. पण कुठं खेळतात ते म्हाईत हाय."

त्या आठवड्यात बाई घरी आल्या. आम्ही मूळचे निपाणीचे. आजी विड्या वळायची, आत्या अजून वळते. बाबा घरातले पहिले शिकलेले. ते बेळगावच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन झाले आणि आम्ही इथं आलो. आई अंगणवाडीत. गोल्फ हा शब्द आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा बोलला गेला असणार. आईनं चहा ठेवता ठेवता विचारलं, "बाई, तो साहेब लोकांचा खेळ न्हाय काय?"

बाई काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "खेळ कुणाचा हाय ते मागनं बघू. आधी हिला आवडतोय काय ते बघू दे."

बाबा फार बोलणारे नाहीत. पण ते वाक्य मी पुढं पुष्कळ ठिकाणी मनात म्हणून घेतलं. जिथं माझ्यासारखी मीच एकटी असायचे, तिथं तर हमखास.

मैदान शहराच्या टोकाला होतं. बाईंच्या ओळखीच्या एका निवृत्त अधिकाऱ्यांनी परवानगी काढून दिली होती. मैदानाचा नियम असा की कॉलर असलेला शर्टच चालतो. माझ्याकडं सगळे गोल गळ्याचे. आईनं बाबांच्या जुन्या शर्टांच्या कॉलरी काढून माझ्या टी-शर्टांना शिवल्या. पहिल्या दिवशी पांढऱ्या टी-शर्टावर निळ्या चौकड्यांची कॉलर घालून मी बाबांच्या स्कूटरवर मागं बसून गेले. तिथल्या एका बाईंनी "ही फॅशन कुठली गं?" म्हणून कौतुकानं विचारलं, ते आईला सांगितल्यावर ती आठवडाभर खुशीत होती.

तिथं आप्पा भेटले. आप्पा म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार, खानापूरकडच्या भातशेतीच्या गावचे. सैन्यात असताना एका ठाण्यावर त्यांची नेमणूक गोल्फच्या मैदानावर झाली. तिथं ते खेळ शिकले, आणि पुढं सैन्याच्या स्पर्धांतही खेळले. निवृत्त झाल्यावर बेळगावात एकटेच राहायचे. बायको वारलेली, मुलगा परगावी. रोज सकाळी मैदानावर मुलांना शिकवायचे. डोक्यावर टोपी, मिशा पांढऱ्या, पँटीला इस्त्रीची धार.

बाईंनी त्यांना सांगितलं, "आप्पा, ही चेंडू लई लांब मारती."

"मारू दे की," आप्पा म्हणाले. "ते कुठं पळून जात न्हाय. आधी जवळचं शिकू दे."

आणि खरंच, कितीतरी आठवडे त्यांनी मला लांब मारू दिलंच नाही. आमच्या मैदानावर होलभोवती, म्हणजे चेंडू ज्यात घालायचा त्या खळग्याभोवती, हिरवळ नव्हती. तेवढं पाणी आणायचं कुठून? त्याऐवजी तेल घातलेल्या वाळूचे गोल, दाबून सारखे केलेले तुकडे होते. त्यांना ब्राउन म्हणत. लांब दांड्याची फळी ओढून चेंडूपासून होलपर्यंत वाट सारखी करायची, आणि मग त्या वाटेवरून चेंडू हलकेच ढकलायचा. वाळू चेंडूला धरून ठेवते, त्यामुळं जरा जोर द्यावा लागतो. मी सकाळभर ते करायचे. शेजारी क्लबात येणाऱ्या घरांतली मुलं धाडधाड लांब मारायची आणि मी वाळूत फळी ओढत असायचे. मला वाईट वाटायचं. आप्पांना ते कळलं असावं, कारण एकदा आपणहून म्हणाले, "लांबचा एक फटका चुकला तर पुढं भरून काढता येतंय. हितं चुकलं की संपलं."

मग एकदाचा लांब मारायचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी, हातात मिळाला. मी मारला. हॉकीत जे फाउल होतं तेच इथं घडलं. चेंडू उंच गेला, झाडांच्या शेंड्यांवरून गेला. मी आप्पांच्या तोंडाकडं बघितलं. मला शाबासकी हवी होती.

"कुठं पडला?" आप्पांनी विचारलं.

"तिकडं. लांब."

"तिकडं म्हंजे कुठं? नीट सांग."

"जांभळीच्या उजवीकडं."

"किती उजवीकडं? जाताना सरळ गेला काय वळला? पडून थांबला काय सरकला?"

मला सांगता येईना. मी बघितलंच नव्हतं. मी शाबासकीच्या वाटेकडं बघत होते.

तेव्हापासून प्रत्येक फटक्यानंतर हे व्हायचं. मी मारायचे, आप्पा "कुठं पडला?" विचारायचे, आणि मी सांगायचे. सुरुवातीला कंटाळा यायचा. मग सवय झाली, आणि मग मजा यायला लागली. चेंडू वर जाताना सरळ, पण खाली उतरताना उजवीकडं झुकतो. वारा अंगावर असला की शेवटी उभा पडतो. मी घाई केली की डावीकडं पळतो. मी सांगायचे, आप्पा ऐकून घ्यायचे, आणि मग माझ्या खांद्याला किंवा टाचेला काठीचं टोक लावून "हे जरा हिकडं घे" म्हणायचे. पुढचा चेंडू सुधारलेला असायचा. मला वाटायचं, ही त्यांची शिकवायची पद्धत आहे. मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं म्हणून ते मुद्दाम विचारतात.

दहावीच्या वर्षी पुण्याला मुलींची स्पर्धा होती. बाबांना रजा मिळाली नाही, म्हणून पी.टी.च्या बाई माझ्याबरोबर आल्या. त्यांनी तोवर गोल्फचे नियम वाचून पाठ केले होते, माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त येत होते. बस निपाणीत थांबली तेव्हा आत्या स्टँडवर उभी होती. कामावरून तशीच आली होती. खिडकीतून भडंगाची पिशवी आत दिली आणि माझ्या शेजारी उभी केलेली क्लबांची लांबडी पिशवी बघून म्हणाली, "अगं, हे काय तबलापेटी घेऊन निघालीस काय?"

"खेळायला निघालोय, आत्या."

"जिंकून ये. न्हाय जिंकलीस तर येताना उतर हितं. मटण करतो."

आमच्याकडं बायका-मुलीसुद्धा "आलो, गेलो, करतो" असंच बोलतात. पुण्यात मी तसं बोलले तेव्हा दोन मुली एकमेकींकडं बघून हसल्या. पण पहिला फटका मारला तेव्हा त्यांचं हसणं बंद झालं, हेही खरं.

आणि मग आम्ही ग्रीनवर पोचलो. मी आयुष्यात पहिल्यांदा गोल्फची खरी हिरवळ बघितली. गालिच्यासारखी. मी बूट अलगद टाकत होते, खराब होईल म्हणून. होल जवळ होता. वाळूवर मारते त्याच जोरानं मी चेंडू ढकलला. तो होलच्या बाजूनं गेला, जातच राहिला, उतारावरून खाली घरंगळला आणि पलीकडच्या वाळूच्या खड्ड्यात पडला. बघणाऱ्यांपैकी कुणीतरी "अरेरे" म्हणालं. पुढच्या होलला मी भीतभीत मारला, तर तो निम्म्यातच थांबला. दिवसभर तेच. लांबच्या फटक्यांत मी बहुतेकींच्या पुढं असायचे आणि ग्रीनवर सगळं घालवायचे. शेवटी माझं नाव यादीत अगदी तळाला होतं.

मी एका झाडाखाली बसून रडले. बाई शेजारी येऊन बसल्या. त्यांनी पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही. विचारलं, "मारताना हात कापत होते काय?"

"न्हाय."

"मग काय झालं?"

"गवतावर चेंडू थांबतच न्हाय बाई. आणि सरळ पण जात न्हाय. वळतोय."

"म्हंजे तुला येत न्हाय असं न्हाय. तुला हे कुणी शिकवलंच न्हाय." त्या उठल्या, साडीचा पदर खोचला. "हितं शिकवणारं कुणीतरी असंलच की."

मैदानावर एक तिशीतल्या बाई होत्या. बंगळुरूहून आपल्या विद्यार्थिनींना घेऊन आलेल्या. स्वतः स्पर्धा खेळायच्या, पण पाठीच्या दुखण्यानं खेळ सोडावा लागलेला. आमच्या बाई सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. मी लाजेनं मेले. हिंदीत सुरुवात झाली, बेळगाव म्हटल्यावर त्या कन्नडात आल्या, आणि मग आमच्या बाई सुटल्याच. मी वाळूवर शिकलेय, मैदान कसं आहे, आप्पा कोण, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "मला जेवढं येत होतं तेवढं मी दिलं. ह्याच्या पुढचं मला येत नाही. तुम्हाला येतं."

हे वाक्य बोलायला किती मोठं मन लागतं ते तेव्हा मला कळलं नाही. आता मी स्वतः मुलांना शिकवते, आता कळतं.

त्या बंगळुरूच्या बाई म्हणाल्या, "मी हिला बघत होते. टीवरून पहिला लांबचा फटका मारताना वेगळी मुलगी, ग्रीनवर वेगळी. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाठवा माझ्याकडं." मी त्यांना "मॅडम" म्हटलं, तर त्यांनी "अक्का म्हण" सांगितलं. कन्नडातली मोठ्या बहिणीची ही हाक आम्ही घरीही मारतो, त्यामुळं जड गेली नाही.

येताना निपाणीत उतरलो. आत्यानं मटण केलंच.

बेळगावला आल्यावर आप्पांना सगळं सांगितलं. ते काठीनं मातीत रेघा ओढत ऐकत होते. "जा," म्हणाले. "गवतावर मी खेळलोय, पण हितं तुला गवत कुठनं आणून देऊ?" बोलणं साधंच होतं, पण त्या दिवशी ते लवकर घरी गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी आम्ही सरावाला उभे होतो. पी.टी.च्या बाई समोरून, ब्राउनच्या पलीकडून चालत येत होत्या. अंगात नेहमीचा लाल ट्रॅकसूट. त्यांनी हात वर केला. आप्पांनी कपाळावर हात धरून बघितलं आणि मला हळूच विचारलं, "कोण गं ते? तुझा बाप काय?"

मला हसू आलं. आणि मग मी आप्पांच्या डोळ्यांकडं बघितलं. बाई तिथून पन्नास पावलांवरही नसतील. लाल कपड्यातल्या. रोज दिसणाऱ्या.

इतकी वर्षं "कुठं पडला?" का विचारत होते, ते एकदम समजलं. त्यांना दिसतच नव्हतं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाबा मला सोडायला आले ते थांबले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर जरा लांब उभे राहिले आणि हात वर करून म्हणाले, "आप्पा, बोटं किती सांगा बघू."

"मी काय खुळा हाय काय?" आप्पा भडकले. पण बोटं सांगितली नाहीत.

बाबा जवळ गेले. "मोतीबिंदू असंल आप्पा. आमच्या दवाखान्यात डोळ्यांचे चांगले डॉक्टर आहेत. मी बरोबर राहतो."

"डोळ्याला सुरी लावून घेणार न्हाय मी."

"आजकाल फार लहान ऑपरेशन असतं."

"लहान असू दे, मोठं असू दे. न्हाय म्हंजे न्हाय. आणि हे मैदानावर कुणाला बोलू नका. आंधळा मास्तर म्हणून काढून टाकतील."

मग कळलं, भीती सुरीची कमी आणि ह्याची जास्त होती. मैदान गेलं असतं तर त्यांची सकाळच गेली असती. बाबांनी विषय सोडला. मी सोडला नाही. हातातला क्लब पिशवीत घातला, चेन ओढली आणि म्हटलं, "आप्पा, तुम्ही डोळं दाखवल्याबिगर मी बंगळुरूला जात न्हाय. आणि सरावाला पण येत न्हाय."

"मला धमकी देतीस व्हय गं?"

"व्हय."

मी आणि बाबा स्कूटरवर बसून निघून आलो. दुसऱ्या दिवशी गेले नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. घरात बसून हात शिवशिवत होते, आणि आप्पा एकटे तिथं खुर्चीवर बसले असतील, असं मनात येऊन रडूही यायचं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आप्पा स्वतः आमच्या दारात. इस्त्रीची पँट, टोपी काखेत.

"कधी जायचं दवाखान्यात?" त्यांनी बाबांना विचारलं. माझ्याकडं बघितलंही नाही. आईनं त्यांना जेवायला बसवलं. तेव्हा भाकरीचा तुकडा मोडता मोडता मला म्हणाले, "सैन्यात असतीस तर तुला कोठडीत टाकलं असतं."

आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. बाबा दवाखान्यातले दोन्ही दिवस त्यांच्याबरोबर होते. घरी आणल्यावर आई डबा पाठवायची, पी.टी.च्या बाई वेळेवर औषधाचे थेंब घालायला जायच्या आणि आप्पांशी भांडून यायच्या. काही आठवड्यांनी डॉक्टरांनी मोकळं केलं, तेव्हा काळा चष्मा लावून आप्पा मैदानावर आले. आम्ही तिघं होतो, मी, बाबा आणि बाई.

"मार," आप्पा म्हणाले.

मी मारला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला होता. त्यांची मान चेंडूबरोबर वर वर गेली, मग हळूहळू खाली आली. चेंडू जांभळीच्या पलीकडं पडला, एकदा उडी मारून थांबला. या वेळी मीच विचारलं, "कुठं पडला?"

"जांभळीच्या डाव्या अंगाला. शेवटी जरासा उजवीकडं झुकून." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "तू सांगत होतीस तस्संच जातोय गं. अगदी तस्संच."

बाबांनी तोंड फिरवलं. बाई नाक पुसत होत्या. पण आप्पांचं हे फार वेळ टिकलं नाही. त्यांनी सगळीकडं नजर फिरवली आणि ओरडले, "हे ब्राउन एवढं खराब झालंय? आणि हे गवत कधी कापलंय की न्हाय कुणी?" त्या दिवसापासून मैदानावरच्या माणसांना सुख राहिलं नाही.

मी बंगळुरूला गेले. मुलींच्या वसतिगृहात राहायची सोय अक्कांनी केली होती. पहिल्या सकाळी त्यांनी मला बूट-मोजे काढायला लावले आणि अनवाणी ग्रीनवर चालायला सांगितलं. "तुझे डोळे चांगले आहेत. आता पायांना शिकव," म्हणाल्या. उतार डोळ्यांना दिसायच्या आधी तळपायाला कळतो, हे तिथं शिकले. पहाटेचं दव असताना चेंडू ढकलला की गवतावर त्याची रेघ उमटायची. कुठं वळायला लागला, कुठं दमला, सगळं त्या ओल्या रेघेत. मी ती रेघ बघून अक्कांना वर्णन करून सांगायला लागले तेव्हा त्या थक्क झाल्या. "हे कुणी शिकवलं?" मी आप्पांच्या डोळ्यांची गोष्ट सांगितली. त्या हसत हसत खाली गवतावर बसल्या.

पण सगळं सोपं नव्हतं. गवताचा हलका हात शिकता शिकता माझा जुना हात बिघडला. मध्यंतरी असं झालं की धड वाळूचंही येईना आणि गवताचंही. बरोबरच्या मुली लहानपणापासून हिरवळीवर वाढलेल्या. त्यांचं इंग्रजी ऐकून मी जेवणाच्या टेबलावर मुकी व्हायचे. एका संध्याकाळी मी आप्पांना फोन केला. म्हटलं, "मी परत येतो आप्पा. अक्का शिकवत्यात ते वेगळंच हाय. तुम्ही शिकवलेलं सगळं जायला लागलंय."

"हे बघ," आप्पा म्हणाले. "माझं त्यातलं जे खरं असंल ते ऱ्हाईल. जे जायचं असंल ते जाऊ दे की. मी काय कुलूप लावून दिलंय व्हय? त्या सांगतील तस्सं कर. मला इचारू नको."

दुसऱ्या दिवशी मी ते अक्कांना सांगितलं. मला वाटतं, त्यांनी त्याच दिवशी ठरवलं असावं. सुट्टी संपवून मी परत निघाले तेव्हा म्हणाल्या, "मीही येते. मला ते मैदान बघायचंय. आणि तो माणूस."

अक्का आमच्याकडं दोन दिवस राहिल्या. आईनं त्यांना ज्वारीची भाकरी आणि वांगं घातलं, बेळगावची मिठाई म्हणून कुंदा तर बाबांनी आल्या आल्याच आणला होता. सकाळी आप्पांनी त्यांना मैदान दाखवलं. अक्कांनी खेळायला घेतलं. टीवरून सुरेख मारला. बऱ्याच दिवसांनी मारत होत्या, पाठ सांभाळून. आणि मग ब्राउनवर आल्या. चेंडू ढकलला, तो दोन हातांवर जाऊन वाळूत बसला. परत ढकलला, परत बसला. तिसऱ्यांदा चिडून मारला तर होलवरून उडून पलीकडं.

आप्पा अतिशय नम्रपणे म्हणाले, "मॅडम, फळी ओढायची असती आधी. आणि जरा जोर पायजे."

"शिकवा," अक्कांनी फळी हातात घेतली.

आप्पांना कन्नड बरं यायचं, पण त्यांची कन्नड सैन्याची आणि खानापूरची, अक्कांची बंगळुरूची. निम्मं हातवाऱ्यांनीच चाललं होतं. मी आणि पी.टी.च्या बाई लांब बसून बघत होतो. एक जण दुसरीला शिकवतोय, दुसरी ऐकतेय, मग ती काहीतरी विचारतेय आणि हा मान डोलावतोय. माझ्या मनात तोवर एक भीती होती, की मला दोघांपैकी एकाला निवडावं लागेल. त्या सकाळी ती गेली. दुपारी दोघांनी मला समोर उभं केलं आणि आधी अक्का, मग आप्पा, असं आळीपाळीनं बोलत सांगितलं, की जोर हवा तिथं वाळूचा हात, उतार दिसला की गवताचा. दोन्ही माझेच आहेत. कुठला कधी काढायचा तेवढं मी ठरवायचं.

हे ठरवायला शिकण्यात पुढची दोनेक वर्षं गेली. कॉलेज बेळगावातच, सुट्टीत बंगळुरू. म्हैसूरला राज्यातल्या मुलींची स्पर्धा झाली तेव्हा अक्का तर होत्याच, आप्पा, बाई आणि बाबा तिघंही आले. पाऊस पडून गेला होता, ग्रीन ओली आणि जड झाली होती. बाकीच्या मुलींचे चेंडू होलच्या अलीकडं थांबत होते. मला ती ओली हिरवळ थेट आमच्या वाळूसारखी वाटली. मी आप्पांचा वाळूचा हात काढला. चेंडू एकामागून एक आत जायला लागले. मी पहिली आले नाही. शेवटच्या होलला पाण्यात एक चेंडू घालवला आणि दुसरी आले. कप घेऊन खाली उतरले तर आप्पा म्हणाले, "पाण्यात कसा पडला ते सांग," आणि अक्का म्हणाल्या, "आज नको, उद्या." दोघांचं त्यावरून जुंपलं.

आज मी बंगळुरूला अक्कांबरोबरच काम करते. थोडं खेळते, जास्त शिकवते. मोठी खेळाडू झाले नाही. व्हायचं होतं, झाले नाही, आणि त्याचं दुःख आता फारसं होत नाही. तीन माणसं माझ्यासाठी, आपल्याला जेवढं येतं त्याच्या काठावर उभी राहिली आणि पुढच्याच्या हातात मला देऊन बाजूला झाली. बाईंनी आप्पांच्या हातात, आप्पांनी अक्कांच्या. बाबांनी तर सगळ्यांच्याच. कुणी माझ्यावर हक्क सांगितला नाही. असं नशीब किती जणांना मिळतं?

गेल्या दिवाळीत घरी गेले होते. पी.टी.च्या बाई आता निवृत्त झाल्यात. पहाटे त्यांचा फोन आला, "मैदानावर ये." गेले तर लाल ट्रॅकसूट घालून, कुणाचा तरी जुना क्लब घेऊन उभ्या.

"आयुष्यभर नियम पाठ केले, एक फटका मारला न्हाय," म्हणाल्या. "शिकव मला."

"मी?"

"मग काय आप्पांना बोलवू? लई ओरडतो तो माणूस."

मी त्यांची पकड नीट केली, पाय जुळवून दिले. खांद्याला हात लावताना मला जरा अवघडल्यासारखं झालं, पण त्या एखाद्या शहाण्या मुलीसारख्या स्थिर उभ्या होत्या. त्यांनी क्लब उचलला, दात आवळले आणि मारला. क्लब नुसताच हवेतून गेला. चेंडू जागचा हलला नाही. बाईंनी स्वतःलाच एक सणसणीत शिवी घातली, टोपी सारखी केली आणि पुन्हा चेंडूपुढं उभ्या राहिल्या.